नव्वदाव्या दिवसाचा फोन

"काकू, आधीच एक विनंती करते, काकांवर काय उपचार केले, कुठून काय घातलं, काय काढलं, यातलं काहीच मला सांगू नका हं, फक्त ते आत्ता कसे आहेत तेवढंच सांगा."

फोन लागला की माझं पहिलं वाक्य हे असतं. समोरच्याला विचित्र वाटतं, कारण तीन महिने येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांना तेच विचारत आलेला असतो की काय झालं होतं, काय केलं डॉक्टरांनी, आणि आता ट्रायलमधूनच फोन आलाय आणि ही बाई म्हणतेय सांगू नका. पण मला ते कळताच कामा नये. मी स्ट्रोकच्या ट्रायलमध्ये काम करते, म्हणजे पेशंटचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन ग्रुप पाडून कोणता उपचार बरा ते तपासायचं, सुरुवातीची काही वर्षं नातेवाईकांशी बोलून कन्सेंट घेण्याचं काम केलं आणि आता बरीच वर्षं फॉलो-अपचे फोन करते. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकून स्ट्रोक झालेला माणूस, त्याच्यावर तारेने गुठळी ओढून काढायची प्रोसिजर झाली की फक्त औषधं मिळाली हे मला माहीत नसतं, आणि ९० व्या दिवशी मी त्याला एक आकडा देते. ० ते ६. ० म्हणजे कसलाच त्रास नाही, ६ म्हणजे माणूस गेला. मधले पाच आकडे म्हणजे माझं काम.

या मोजपट्टीला मॉडिफाइड रँकिन स्केल म्हणतात. ऐकायला सोपी आहे, १ म्हणजे थोडी लक्षणं आहेत पण आधी करायचा ते सगळं करतो, २ म्हणजे सगळं जमत नाही पण स्वतःचं स्वतः बघतो, ३ म्हणजे चालतो आपला आपण पण काही कामांना माणूस लागतो, ४ म्हणजे धरल्याशिवाय चालता येत नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला. सगळा जीव अडकलेला असतो २ आणि ३ च्या मधल्या रेघेत, कारण बहुतेक ट्रायलमध्ये ० ते २ म्हणजे "स्वतंत्र" असं धरतात.

आणि ती रेघ फोनवर शोधायची असते. बायको सांगते, "सगळं स्वतः करतात हो, काही बघावं लागत नाही." छान. मग मी विचारते सकाळपासून सांगा बरं, उठल्यावर काय करतात, आणि ती सांगायला लागते आणि हळूहळू निघतं की ब्रशवर पेस्ट ती लावून ठेवते, कपडे पलंगावर घालायच्या क्रमाने मांडून ठेवते, आधी बनियन मग शर्ट, डाव्या बाहीचं तोंड उघडं करून, आणि मग ते "स्वतः" घालतात. तिला हे मदत वाटतच नाही. ती खोटं बोलत नसते, तीन महिन्यांत ते तिच्या हाताला इतकं बसलेलं असतं की दिसेनासं होतं. म्हणून मी शेवटी एक प्रश्न हमखास विचारते, की तुम्हाला आठवडाभर बाहेर जायला लागलं तर काकांना घरी एकटं ठेवून जाल का? या प्रश्नाला लोक थांबतात. मग जे उत्तर येतं ते खरं असतं. बरेचदा ते ३ असतं.

एकदा एका मुलाने मी बोलायच्या आतच सांगून टाकलं की बाबांना जांघेतून तार घातली होती तिथे अजून दुखतं. झालं, मला ग्रुप कळला. तो फोन मी तिथेच थांबवला, मॅनेजरला कळवलं आणि दुसऱ्या सहकाऱ्याने परत सगळं पहिल्यापासून विचारलं. तो मुलगा वैतागला, साहजिक आहे, पण मला माहीत होतं की आता मी त्या वडिलांना २ द्यायचा प्रयत्न करणार. मुद्दाम नाही. मनातून मला वाटतं की गुठळी काढलीये म्हणजे बरे असतील, आणि ते "वाटणं" माझ्या प्रश्नांच्या सुरात उतरतं. तार कोणाला घातली आणि कोणाला नाही हे डॉक्टरपासून लपवता येत नाही, पेशंटपासूनही नाही, निदान मोजणाऱ्यापासून तरी लपलं पाहिजे, सगळ्या ट्रायलची भिस्त त्यावर असते.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे मध्ये एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं की "अहो, धमनीत गुठळी आहे, ती काढली की रस्ता मोकळा, यात सिद्ध काय करायचंय? ज्यांना नुसती औषधं दिली त्यांच्यावर अन्याय नाही का?" मी तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि घरी आल्यावर ते माझ्या मनातून जाईना, कारण हा प्रश्न मलाही एकेकाळी पडला होता, आणि फार जोरात पडला होता.

कॅथलॅबमधली, म्हणजे ही प्रोसिजर होते त्या खोलीतली, ती दोन चित्रं ज्याने पाहिली त्याला तो पडणारच. पहिल्या अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांत डाय सोडून घेतलेल्या एक्स-रेत, मेंदूच्या अर्ध्या भागात रक्तवाहिन्यांचं झाड मध्येच तोडल्यासारखं दिसतं, खोड आहे, फांद्या नाहीत. जांघेतून कॅथेटर, म्हणजे पोकळ नळी, वर मानेपर्यंत, तिथून बारीक कॅथेटर मेंदूच्या धमनीत, गुठळीच्या पार पलीकडे, मग जाळीचा स्टेंट उघडायचा, काही मिनिटं थांबायचं म्हणजे गुठळी जाळीत रुतते, आणि मग सक्शन लावून सगळं सावकाश मागे ओढायचं. गॉझवर नखाएवढा लालकाळा तुकडा येतो. परत डाय सोडला की स्क्रीनवर सगळ्या फांद्या भरभर उमटतात. खोलीतली सगळी माणसं एकदम श्वास सोडतात, हे मी काचेच्या अलीकडून कितीदा ऐकलंय. यानंतर कोण म्हणेल की याचा फायदा होतो का ते तपासायला हवं?

पण २०१३ मध्ये नेमकं तेच झालं. तीन मोठ्या ट्रायलचे निकाल एकाच वेळी आले आणि तिन्हींत प्रोसिजरचा फायदा दिसला नाही. त्यातली सगळ्यात मोठी आयएमएस ३, ९०० पेशंट घ्यायचे होते, ६५६ वर थांबवली कारण पुढे जाऊन काही निघेल अशी आशा राहिली नव्हती. ९० दिवसांनी स्वतंत्र असलेले लोक प्रोसिजरच्या बाजूला ४०.८ टक्के आणि नुसत्या औषधांच्या बाजूला ३८.७. म्हणजे जवळजवळ सारखेच. जे डॉक्टर वर्षानुवर्षं हे करत होते, ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी फांद्या उमटताना पाहिल्या होत्या, त्यांना हे पचणं किती अवघड गेलं असेल, आणि काही जण तर म्हणायला लागले की ट्रायलच चुकलीये, आमचे पेशंट बरे होतात ना.

खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर होतं. त्या ट्रायल्समध्ये बऱ्याच जणांच्या मोठ्या धमनीत खरोखर गुठळी आहे का हे आधी अँजिओग्राफीच्या सीटीवर बघितलंच नव्हतं, साधनं जुन्या पिढीची होती, ती नेहमी गुठळी पूर्ण काढू शकायची नाहीत, आणि वेळ फार जायचा. मेंदूच्या बाबतीत वेळ म्हणजे काय तर मोठ्या धमनीच्या स्ट्रोकमध्ये सरासरी मिनिटाला १९ लाख न्यूरॉन मरतात असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला, तो आता स्ट्रोकवाल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. रस्ता उघडला पण त्या रस्त्याच्या टोकाचं गावच जळून गेलेलं असेल तर उघडून काय उपयोग. चित्र सुंदर येणार, माणूस मात्र उठणार नाही.

आणि मग नेदरलँड्सची एमआर क्लीन. मला या ट्रायलबद्दल वाचताना आजही भरून येतं. १६ सेंटर, ५०० पेशंट, प्रत्येकाच्या मोठ्या धमनीत गुठळी आहे हे स्कॅनवर सिद्ध झालेलं, प्रोसिजर सहा तासांच्या आत सुरू करायची, आणि बहुतेकांना नव्या स्टेंट रिट्रीव्हरने, म्हणजे त्या गुठळी ओढणाऱ्या जाळीने. तिथे २०१३ पासून या प्रोसिजरचे पैसे ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्यांनाच मिळतील असं धोरण होतं, त्यामुळे "माझा पेशंट आहे, मला पटतंय, मी ट्रायलबाहेर करून टाकतो" हा दरवाजाच बंद झाला आणि पेशंट एकेक करून कुठेतरी हरवण्याऐवजी मोजले गेले. निकाल आला तेव्हा स्वतंत्र असलेले प्रोसिजरच्या बाजूला ३२.६ टक्के विरुद्ध औषधांच्या बाजूला १९.१. त्यानंतर दुसऱ्या देशांत चालू असलेल्या ट्रायल्सनी आपला डेटा मध्येच उघडून बघितला, एस्केप, एक्स्टेंड-आयए, स्विफ्ट प्राइम, रिव्हॅस्कॅट, २०१५ च्या अर्ध्यापर्यंत सगळ्या एकाच बाजूला झुकल्या. एस्केपमध्ये तर ५३ टक्के विरुद्ध २९.३, आणि मृत्यू १९ टक्क्यांवरून १०.४ वर. पाचही ट्रायलचे मिळून १२८७ पेशंट एकत्र करून हिशोब झाला तेव्हा निघालं की साधारण प्रत्येक २.६ पेशंटवर प्रोसिजर केली की एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने तरी कमी होतं. वैद्यकशास्त्रात असा आकडा सहसा बघायला मिळत नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे परत येते, की नुसती औषधं मिळाली त्यांच्यावर अन्याय झाला का. एमआर क्लीनमध्ये २६७ जण दुसऱ्या बाजूला होते. त्या २६७ जणांशिवाय १९.१ हा आकडाच नसता, आणि १९.१ नसता तर ३२.६ ला काही अर्थ नव्हता, कारण नुसता ३२.६ वाचून कोणीही म्हटलं असतं की ६७ टक्के लोक तर परावलंबीच राहिले किंवा गेले, कशाला हवी ही तार? मला वाटतं हे लोकांना नीट समजावून सांगत नाही आपण.

कन्सेंटच्या कामात असताना मी हे सांगायचा प्रयत्न करायचे. सीटीच्या दाराबाहेर उभं राहून, हातात कागद, समोर एक बाई जिचा नवरा तासाभरापूर्वी बोलता बोलता खाली कोसळलाय, आणि मला तिला सांगायचंय की कोणती बाजू मिळेल ते कॉम्प्युटर ठरवेल. तिने मला विचारलं होतं, "तुमचा भाऊ असता तर तुम्ही काय केलं असतं?" मी म्हटलं, खरंच माहीत नाही आम्हाला यातलं बरं कोणतं, माहीत असतं तर विचारलंच नसतं. तिने सही केली. मी आत जाऊन बटण दाबलं आणि स्क्रीनवर औषधांचा ग्रुप आला. बाहेर येऊन तिला सांगताना माझा आवाज मला परका वाटला होता. तिने फक्त मान हलवली आणि पर्स छातीशी घट्ट धरून बसून राहिली. मी तेव्हा "माहीत नाही" म्हटलं ते शब्दशः खरं होतं, पण मला मनातून वाटत होतं की तार बरी, आणि ते मी लपवलं, त्याची टोचणी बरेच दिवस राहिली.

माझी टोचणी कमी झाली ती एका वेगळ्याच ट्रायलबद्दल वाचून, सॅमप्रिस. गुठळी अचानक अडकण्याची ही गोष्ट नाही, मेंदूच्या आतल्या धमन्या चरबीने ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या आणि त्यामुळे आधीच एकदा स्ट्रोक किंवा त्याची चुणूक येऊन गेलेली माणसं. अरुंद जागी स्टेंट घालून रुंद करायचं, यापेक्षा सरळ विचार काय असणार? तोवर कित्येकांना तो घातलाही होता. ट्रायलमध्ये एका गटाला स्टेंट आणि औषधं, दुसऱ्याला फक्त औषधं, पण औषधं म्हणजे खरोखर कडक, ॲस्पिरिनसोबत तीन महिने क्लोपिडोग्रेल, बीपी आणि कोलेस्टेरॉल खाली आणायचंच, शिवाय सिगारेट-व्यायाम-वजन यासाठी पाठीमागे लागणारा माणूस. ४५१ पेशंटनंतर २०११ मध्ये भरती थांबवावी लागली. पहिल्या ३० दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू स्टेंटच्या बाजूला १४.७ टक्के, औषधांच्या बाजूला ५.८. त्या धमनीतून निघणाऱ्या केसासारख्या बारीक फांद्या स्टेंटखाली दबल्या जाऊन बंद पडत होत्या, काहींना रक्तस्राव होत होता. इथे ज्यांना "नुसती औषधं" मिळाली तेच नशीबवान ठरले. दाराबाहेर उभं असताना हे कोणालाच कळणार नव्हतं. वाचून झाल्यावर मला वाटलं की त्या बाईला मी दिलेलं उत्तर मला वाटत होतं त्यापेक्षा जास्त खरं होतं.

इकडे गुठळीच्या स्ट्रोकमध्ये २०१५ नंतर दरवाजे उघडतच गेले. डॉन ट्रायलमध्ये ६ ते २४ तास उलटून गेलेली माणसं घेतली, म्हणजे रात्री ठीकठाक झोपला आणि सकाळी उठला तो एक बाजू लुळी पडूनच, कधी झालं कोणालाच माहीत नाही, अशांना पूर्वी "उशीर झाला" एवढंच सांगायचे. इथे घड्याळाऐवजी स्कॅनला विचारलं, किती मेंदू मेलाय आणि किती अजून धुगधुगी धरून आहे, आणि धुगधुगीवाला भाग मोठा असेल तर प्रोसिजर. ४९ टक्के स्वतंत्र विरुद्ध १३. पाठोपाठ डिफ्यूज ३, १६ तासांपर्यंत, ४५ विरुद्ध १७. हे २०१८ चं. मग ज्यांचा बराच मेंदू आधीच गेलाय अशांवरही २०२२ पासून जपान, चीन, अमेरिका, युरोप सगळीकडून ट्रायल आल्या आणि त्यांनाही फायदा दिसला, तिथे पूर्ण स्वतंत्र होणारे कमीच पण आयुष्यभर अंथरुणात पडणं आणि घरातल्या घरात चालता येणं यातला फरक ज्या घरात असतो त्यांना विचारा.

हे सगळं बघून वाटायला लागलं होतं की आता जिथे गुठळी तिथे तार. मग २०२५ मध्ये डिस्टल आणि एस्केप-मेव्हो आल्या, मधल्या आणि लहान आकाराच्या धमन्यांसाठी, दोन्ही मिळून हजारावर पेशंट, आणि प्रोसिजरचा फायदा दिसला नाही. तीच तार, तेच हात, तसेच डॉक्टर, फक्त धमनी एक-दोन फांद्या पुढची. मी ते निकाल वाचले त्या दिवशी ऑफिसमध्ये सगळे जरा शांत होते.

पायांच्या धमन्यांचं थोडक्यात सांगते, माझं ते रोजचं काम नाही पण ही सगळी कहाणी सुरू तिथूनच झाली. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलँडला चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने एका ८२ वर्षांच्या बाईच्या मांडीतली अरुंद धमनी आतून कॅथेटर सरकवून रुंद केली. पायाला गँगरीन झालेलं, सर्जन म्हणाले पाय कापा, ती म्हणाली नाही कापणार. पाय वाचला आणि ती पुढे मरेपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली. धमनीच्या आतून जाऊन इलाज करायची वाट एका हट्टी आजीमुळे उघडली असं मला नेहमी वाटतं. आणि साठ वर्षांनंतरही पायाचं कोडं सुटलेलं नाहीये. पायाला रक्त पोचत नाही, जखम भरत नाही, अशांमध्ये बायपास, म्हणजे शिरेचा तुकडा जोडून अडथळ्याला वळसा, तो बरा की आतून फुगा-स्टेंट, यावर २०२२ च्या बेस्ट-सीएलआयमध्ये १८३० पेशंट होते आणि ज्यांच्या पायाची स्वतःची शीर चांगली होती त्यांच्यात बायपास सरस ठरला. पुढच्याच वर्षी बेसिल-२ आली, गुडघ्याखालच्या धमन्या, ३४५ पेशंट, आणि तिथे आतून केलेला इलाज सरस. दोन्ही प्रामाणिक ट्रायल. पेशंट वेगळे, धमनीची जागा वेगळी, मोजायचं काय हेही वेगळं. पॅक्लिटॅक्सेल नावाच्या औषधाचा लेप दिलेल्या फुग्यांचंही असंच, २०१८ च्या शेवटी जुन्या ट्रायल्स एकत्र करून कोणाला तरी दिसलं की काही वर्षांनी मृत्यू वाढतायत, सगळीकडे घबराट, मग स्वीडनच्या मोठ्या ट्रायलमध्ये २२८९ पेशंटमध्ये तसं दिसलं नाही, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, म्हटलं की आता हा धोका डेटात दिसत नाही. मधली चार-साडेचार वर्षं जे पेशंट विचारत होते "माझ्या पायात तो फुगा घातलाय, मी मरणार का?" त्यांना काय उत्तर देत असतील डॉक्टर, मला कल्पना करवत नाही.

हे इतकं लिहून झालं पण सुरुवातीचा तो फोन राहिलाच. काकू सगळं सांगत गेल्या, मी लिहीत गेले. चालतात का, हो, अंगणापर्यंत. पैशांचा हिशोब? तो आता मुलगा बघतो. एकटं ठेवून आठवडाभर जाल का? बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. "नाही जाणार हो."

मी ३ लिहिलं. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "हे लिहून घेतलंत ते जातं कुठे?" मी म्हटलं काकू, काकांचा एक आकडा होतो, तो बाकी शेकडो जणांच्या आकड्यांशेजारी जाऊन बसतो आणि मग त्यावरून ठरतं की पुढच्या माणसाला काय द्यायचं.

"मग नीट लिहा," त्या म्हणाल्या. "शर्टाची बटणं कालपासून स्वतः लावायला लागलेत. वरचं एकच राहतं."